पाकीटभर श्वास

जुळीनं अंबिका धोत्रेला लाल ठरवलं, तेव्हा तिला सातवा सरत आला होता. मोरगव्हाणच्या सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ डॉक्टर फरहाना मुलाणींच्या टेबलावरचा संगणकाचा पडदा लाल झाला. अंबिकेनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. नवनाथचा चेहरा पार उतरला होता.

"लाल म्हणजे काय, मॅडम?" तिनं विचारलं.

"म्हणजे बाळंतपण इथं नाही. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. सदतिसाव्या आठवड्यातली तारीख देतील. पूर्ण झोपवतील, घशात नळी घालून मशीन श्वास देईल, आणि पोट उघडून बाळ काढतील."

"नळी नको."

"ऐकून तर घ्या."

"ऐकलं. नळी नको."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अंबिकेची थोरली बहीण त्यांना माहीत होती. शारदा. दोघी बहिणींनी एकाच गिरणीत रांगोळी दळली होती. शारदाला चार वर्षांपूर्वी आतड्याच्या साध्या ऑपरेशनसाठी झोपवलं, घशात नळी घातली. ऑपरेशन चांगलं झालं, पण नळी निघाली नाही. दगडाच्या भुकटीनं कडक झालेली फुप्फुसं एकदा मशीनच्या वाऱ्यावर गेली, ती परत स्वतःच्या दमावर आलीच नाहीत. एकवीस दिवस शारदा डोळे उघडे ठेवून पडून होती. बोलता येत नव्हतं, म्हणून बोटानं चादरीवर रेघा ओढायची. बाविसाव्या दिवशी तेही थांबलं.

आता ही गिरणी म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण रांगोळी सगळ्यांना माहीत असते आणि गिरणी कुणालाच नसते. रांगोळीचा मऊ दगड, शिरगोळा, महाग पडतो, म्हणून त्यात गारगोटी मिसळतात. दोन्ही चक्कीत घालून मैद्यासारखं बारीक करतात. ते पीठ बायका पाकिटांत भरतात. दिवाळीला तुमच्या दारात त्या पाकिटातला मोर उमटतो, आणि शेजारीण म्हणते, किती सुरेख. गारगोटीचा सर्वांत बारीक कण डोळ्याला दिसत नाही. तो नाकातून थेट फुप्फुसाच्या तळाला जातो आणि तिथंच बसतो. शरीर त्याला विरघळवू शकत नाही, म्हणून त्याच्याभोवती गाठ बांधतं. हजारो कण, हजारो गाठी. फुप्फुस हळूहळू स्पंजाचं चामडं होतं. अंबिका तेराव्या वर्षी गिरणीत गेली आणि तेविसाव्या वर्षी बाहेर पडली. आता ती सत्तावीस वर्षांची होती आणि जिन्याच्या आठव्या पायरीला थांबत होती.

अशा बाईनं पोराची हौस करू नये, असं तिला बऱ्याच जणांनी सुनावलं होतं. गिरणीत जाऊ नये, असं मात्र तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

"पण लाल का?" ती म्हणाली. "मागल्या महिन्यात पिवळं होतं. तुम्हीच म्हणालात, कंबरेत सुई देऊन इथंच होईल म्हणून."

"जुळी म्हणते, तुमचा श्वास मधेच थांबतो. जागेपणी. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा, दहा सेकंदांहून जास्त. मेंदू श्वास घ्यायला विसरतोय, असा तिचा अर्थ. अशा बाईला जागं ठेवून कळा सोसू देणं धोक्याचं, म्हणून नळी."

"मी नाही थांबत."

"अगं मशीन कशाला खोटं बोलेल?" नवनाथ म्हणाला.

सरकारी कागदावर त्या यंत्रणेचं नाव ओळभर लांब होतं. गावोगावच्या बायकांनी तिला जुळी करून टाकलं. गरोदर बाईच्या छातीला आणि पोटाला एक पट्टा बांधायचा, बोटात एक अंगठी घालायची. पट्टा श्वासाची लांबी-खोली मोजतो, अंगठी रक्तातला ऑक्सिजन. आठवड्यातून एकदा नळकांड्यात फुंकायचं. यातून संगणकात त्या बाईची आकड्यांची जुळी बहीण तयार होते. तिची फुप्फुसं खरीच्या फुप्फुसांइतकी कडक, तिचं काळीज तितकंच धडधडणारं. मग त्या जुळीला रोज दहा हजार वेळा बाळंत करतात. कधी सुई देऊन, कधी न देता, कधी झोपवून. किती वेळा ती जिवंत घरी येते ते मोजतात आणि खरीला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देतात. कल्पना वाईट नव्हती. जुळी आल्यापासून बाळंतपणात दगावणाऱ्या बाया निम्म्यावर आल्या होत्या. पण ज्या बायकांच्या श्वासावर जुळीला शिकवलं, त्यांतल्या एकीनंही कधी रांगोळी दळली नव्हती.

घरी आल्यावर नवनाथनं फोन ताटाशेजारी ठेवला. फोनवर जुळी दिसायची, निळसर, आतून उजळलेली, श्वास घेणारी. अंबिकेचा श्वास थांबला की फोन टिटवीसारखा ओरडायचा. नवनाथ टेम्पो चालवायचा. माल भरता-भरता फोन ओरडला की तिकडून विचारायचा, "अंबे, श्वास घेतीस ना?"

"न घेता फोन कसा उचलला?"

"चेष्टा नको करू."

"मग रडू? तुम्ही संसार माझ्यासंगं करताय का तिच्यासंगं?"

नवनाथ वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला बायकोपेक्षा आकडा बरा वाटतो. आकडा उलटून बोलत नाही. पण त्याच्या या भीतीपायी तिला नळी घालायची, हे अंबिकेला मान्य नव्हतं. एका रात्री घरी तो शहरातल्या तारखेच्या कागदावर सही करायला निघाला होता. तिनं पेन घेतलं आणि कंबरेला खोचून ठेवलं.

सासू तायव्वा ओसरीत लसूण सोलत बसलेली. तिनंही त्याच गिरणीत उमर घालवली होती, आणि खोकल्याशिवाय तिचं वाक्य पुरं व्हायचं नाही. "एवढा कालवा कशाला," ती म्हणाली. "आम्ही काय सुया टोचून पोरं काढली? दात आवळले आन् मोकळी झाले."

"आत्या, तवा तुमची छाती शाबूत होती," अंबिका म्हणाली. "तुम्ही गिरणीत गेला धाकट्याच्या बाळंतपणानंतर."

तायव्वानं लसणाची पाकळी खाली ठेवली. ते खरं होतं.

कळ सोसण्याचं कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं. कळ आली की बाई धापा टाकते, अंग आवळतं, रक्तातला ऑक्सिजन दुप्पट वेगानं खर्च होतो. धडधाकट बाईला ते परवडतं. अंबिकेसाठी प्रत्येक कळ म्हणजे पाठीवर पोतं घेऊन तीन मजले चढणं, आणि अशा शंभर खेपा. वेदना थांबवणं ही तिची चैन नव्हती. श्वास पुरवून वापरायचा तो एकच मार्ग होता.

दुसऱ्या रविवारी डोहाळेजेवण होतं. अंबिकेच्या घरात रांगोळी आणायची नाही हा तिचाच नियम, म्हणून शेजारच्या कुसुमनं पाटाभोवती तांदळाच्या पिठीची वेल काढायला घेतली. वेल वाकडी गेली. दहा वर्षं ज्या हातांनी रांगोळीची पाकिटं भरली होती, त्यांना ते बघवेना. अंबिका पोट सावरत खाली बसली, चिमटीत पिठी घेतली आणि वेलीचं पान सरळ केलं.

नवनाथचा फोन ओरडला. बायका दचकल्या. नवनाथ दारातून धावत आला, ओटीचं तबक त्याच्या पायानं उडालं.

"श्वास घे."

"घेतला की," अंबिका म्हणाली आणि दुसरं पान काढायला वाकली. फोन परत ओरडला.

तायव्वा भिंतीला टेकून बघत होती. ती एकदम हसायला लागली, हसता-हसता खोकायला लागली, आणि खोकला थांबल्यावर म्हणाली, "अरं बाबा, तिला काय झालं न्हाय. ती दम धरतीया. पाकीट भरल्यागत."

कुणाला काही कळेना. अंबिकेच्या हातातून मात्र पिठी गळली.

गिरणीत पाकीट भरायची एक रीत होती. ती कुणी शिकवली नाही, प्रत्येक बाई पहिल्या आठवड्यात आपोआप शिकायची. मान डावीकडं वळवायची, श्वास घ्यायचा, धरायचा. पाकीट उघडायचं, भुकटी ओतायची, तोंड दुमडायचं. मान परत वळवायची, श्वास सोडायचा. भुकटी उडते तेवढा वेळ नाक बंद. नाकाला फडकं होतं, पण फडक्यातून मैदा जातो तशी गारगोटीही जायची, त्यामुळं बायकांचा भरवसा या बारा सेकंदांवर होता. गिरणी सुटली, रीत अंगात राहिली. पीठ चाळताना, तिखट कुटताना, केर काढताना, सुईत दोरा ओवताना, बारीक काही हाताशी आलं की श्वास आपसूक थांबायचा. जुळी दहा सेकंदांनंतर नोंद करायची. पाकिटाला बारा लागतात.

अंबिकेनं तिथंच पट्टा सोडला आणि सासूच्या छातीला बांधला. अंगठी तिच्या बोटात घातली. परातीतली पिठी तिच्यापुढं ठेवली.

"आत्या, पाकिटं भरा."

"आता काय भरू, येडी का काय," म्हणत तायव्वानं कागदाचा द्रोण वळवला, मान डावीकडं केली आणि हात चालवला. नवनाथच्या हातातला फोन ओरडला. दुसऱ्या द्रोणाला परत ओरडला. तिसऱ्याला नवनाथ मटकन पाटावर बसला, गरोदर बाईच्या पाटावर, आणि बायकांनी त्याला तसाच बसू दिला.

सोमवारी अंबिका दवाखान्यात गेली, सासूला घेऊन. डॉक्टर मुलाणींनी सगळं ऐकलं. मग त्यांनी अंबिकेचा दोन महिन्यांचा आलेख उघडला आणि झोपेचे तास वेगळे काढले. त्यात एकही थांबा नव्हता. रात्रभर श्वास तोकडा होता, भराभर होता, पण अखंड होता.

"विसरणारा मेंदू झोपेत आधी विसरतो," डॉक्टर म्हणाल्या. "जागेपणी विसरतो आणि झोपेत नाही, असा रोग नसतो. हे डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. मी झोप बघितलीच नाही. लाल दिसलं आणि थांबले."

"तुम्हीपण," अंबिका म्हणाली.

"मीपण." त्यांनी सारवासारव केली नाही. अंबिकेला त्याच क्षणी त्या बाईचा भरवसा वाटला.

"आता नियम काय आहे, मॅडम?"

"नियम असा की लाल मी मोडू शकते, पण माझ्या सहीनं. आणि बाळंतपणाचा लेखी बेत लागतो, तुमच्या तोंडून, माझ्या हातानं. काही बिघडलं तर आधी मला विचारतील."

"घाबरता?"

"थोडी. तुमची फुप्फुसं खरंच वाईट आहेत, अंबिका. श्वास धरण्याचा उलगडा झाला म्हणून ती चांगली झाली नाहीत."

"मला चांगली नकोत. हायेत तेवढ्यात कसं भागवायचं ते लिहा."

दोघी तासभर बसल्या. प्रत्येक गोष्टीचं कारण कळल्याशिवाय अंबिका पुढं जाऊ देईना. कळा नीट सुरू झाल्या की लगेच कंबरेत मणक्यांच्या मधून केसाएवढी नळी बसवायची आणि तिच्यातून औषधाचे थेंब सोडायचे. लवकर का? कारण दमल्यावर उशीर होतो. थोडं-थोडं का? कारण एकदम जास्त दिलं तर बधिरपणा छातीपर्यंत चढतो आणि बरगड्या हलायच्या थांबतात. आडवं पाडायचं नाही, बसती ठेवायची. नाकाला ऑक्सिजन. गुंगीचं इंजेक्शन नाही, ते श्वास मंदावतं. हुंगायचा वायू नाही, तो फुप्फुसातल्या फुगलेल्या फोडांत भरतो. शेवटी दम कोंडून जोर लावायचा नाही, त्या दाबानं फोड फुटू शकतो; तोंड उघडं ठेवून जोर, आणि बाळाच्या डोक्याला वाटीचा पंप लावून त्याला बाहेर ओढायला हात द्यायचा. पोट उघडावंच लागलं, तर कंबरेतल्या त्याच नळीतून औषध वाढवायचं. अंबिका जागी राहील.

"आणि तेही जमलं नाही तर?" डॉक्टरांनी विचारलं. "बाळाचे ठोकेच पडायला लागले, वेळच नसला तर? मला तेही लिहावं लागेल."

शारदाचं चादरीवर फिरणारं बोट अंबिकेला दिसलं.

"तर नळी घाला," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी. पण आधी मला सांगून."

घरी तिनं तो कागद नवनाथपुढं ठेवला. "मोठ्यानं वाचा."

"वाचतो मनात."

"मोठ्यानं. कळांत मला बोलता नाही आलं तर माझ्या वतीनं बोलणारं माणूस लागतं. फोनला ते जमणार नाही."

नवनाथनं वाचलं. अडखळत, एकेक ओळ. फोड फुटू शकतो या ओळीला त्यानं कागद खाली ठेवला. तिनं पाणी दिलं आणि परत पहिल्यापासून वाचायला लावलं. पुढचे सहा आठवडे तो टेम्पोत गाण्यांऐवजी तो कागदच म्हणत होता.

अडतिसाव्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी चहा गाळताना कळ आली. नऊला ती दवाखान्यात होती. खराटे सिस्टरनं पडदा बघून कपाळाला हात लावला.

"अजून लालच आहे हो मॅडम."

"माझी सही आहे खाली. तिला बसती करा."

अंबिका खाटेच्या कडेला बसली, पाठ बाहेर काढून, उशी छातीशी धरून. नाकात ऑक्सिजनच्या नळ्या. डॉक्टरांनी कंबरेत बधिर करायची बारीक सुई टोचली आणि मग मोठी हातात घेतली. हीच वेळ अवघड असते. सुईचं टोक मणक्याच्या आत मोजक्या मिलिमीटरवर थांबवायचं असतं, आणि तेव्हा बाईनं तसूभर हलायचं नसतं. दमेकरी माणूस तर श्वासागणिक हलतं.

"कळ येतीया," अंबिका म्हणाली.

"मग थांबू."

"कळ जाईल आन् लगेच दुसरी येईल. किती वेळ पायजे तुम्हाला?"

"दहा सेकंद. पंधरा."

"बारा देते. एक पाकीट."

डॉक्टरांनी सुई मणक्यापाशी आणली. "चालेल," त्या म्हणाल्या.

कळ ओसरली. अंबिकेनं मान डावीकडं वळवली, श्वास घेतला आणि धरला. तिचे खांदे, तिची पाठ, सगळं जागच्या जागी थांबलं. दहा वर्षांत लाखो पाकिटांवर घोटलेला तो थांबा होता. भिंतीवरची जुळी ओरडायला लागली. सिस्टर पडद्याकडं झेपावली, तर नवनाथ मधे आला आणि त्यानं हात पुढं करून आवाज बंद केला. पडद्याकडं त्यानं बघितलंही नाही. तो बायकोच्या मानेकडं बघत होता.

"बसली," डॉक्टर म्हणाल्या. अंबिकेनं मान वळवून श्वास सोडला.

वीस मिनिटांनी पुढची कळ आली ती दुरून, शेजारच्या घरात कुणी पलंग सरकवावा तशी. अंबिकेनं अंगठीचा आकडा विचारला. त्र्याण्णव. तिनं चहा मागितला, आणि पाणीच मिळालं म्हणून सिस्टरला टोमणा मारला.

दुपारी चारला वेळ भरली. खराटे सिस्टरनं हजारो बाळंतपणं केली होती, आणि तिच्या तोंडून सवयीनं निघालं, "चल गं, दम धर आणि लाव जोर."

"दम धरायचा नाही," नवनाथ म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "तोंड उघडं ठेवून जोर. वाटीचा पंप घ्या. कागदावर आहे."

सिस्टरनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, "ते म्हणतायत तसं."

"अंबे, तोंड उघड. माझ्याकडं बघ. सोड श्वास. आता."

चार कळांत मुलगी झाली. ती रडली तेव्हा नवनाथच्या लक्षात आलं, की आपणच केव्हापासून श्वास धरून उभे आहोत.

संध्याकाळी डॉक्टर मुलाणी खाटेपाशी आल्या. अंबिका टेकून बसली होती, नाकात अजून ऑक्सिजन, पोरगी छातीशी. पलीकडं तायव्वा नातीची बोटं मोजत होती.

"जुळीला हिशोब द्यावा लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "लाल असून इथंच सुखरूप मोकळ्या झालात, तर ती विचारते, माझं चुकलं कुठं. आपण सांगितलं की ती शिकते. पुढच्या बाईला तुमच्यासारखं लाल करत नाही. थांबलेल्या श्वासाचं कारण निवडायचंय." त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. रोग. औषध. झोप. मार. चारच पर्याय होते.

"यातलं एकबी नाही," अंबिका म्हणाली.

"खाली मोकळी जागा आहे. नवीन शब्द घालता येतो. मी तुम्हाला विचारून घालणार."

"काम. लिहा, काम."

डॉक्टरांनी लिहिलं. पडदा थोडा वेळ विचारात पडला आणि मग त्यानं राज्यभरातून तसे श्वास शोधून काढले. आकडा वाढत गेला. रांगोळीच्या गिरण्या, दगडाच्या खाणी, बिडीच्या वखारी, मिरची कुटायचे डंक. लाल ठरवलेल्या सहाशे बारा बाया, आता फेरतपासणीत.

"एवढ्या?" नवनाथ म्हणाला.

"पोटुशा तेवढ्याच हायेत यात," तायव्वा म्हणाली. "आमची मोजदाद कोण करतंय."

अंबिका पडद्याकडं बघत होती. "मॅडम, कामाच्या पुढं लिहा, कुणाचं."

"म्हणजे?"

"काम लिहिलं की वाटतं, मला हौस होती. ज्याची गिरणी, त्याचं नाव लिहा."

"तसा रकाना नाही, अंबिका."

"मगाशी 'काम'चाबी नव्हता."

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा लावला. अंबिकेनं पोरगी सासूच्या मांडीवर दिली, नाकातली नळी नीट केली, एक पुरता श्वास घेतला आणि गिरणीचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव, अक्षर न् अक्षर, सावकाश सांगायला सुरुवात केली.